पहाटे अडणारी रायफल

रायफलीची लिव्हर अडली ती नेमकी वानरांच्या डोळ्यांदेखत.

पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. हरिहरराव बिवलकर आपल्या आंब्याच्या बागेत, राखणीच्या उंच माळ्यावर, घोंगडी पांघरून बसले होते. धुक्यातून एकेक कलम हळूहळू आकाराला येत होतं आणि हरिहरराव त्याच्याकडे अशा कौतुकानं बघत होते, की जणू त्यांनी मनात आणलं म्हणूनच ते उगवत होतं. एवढ्यात समोरचा मोहोर हलला. वारा तर अजिबात नव्हता. वानरं आली होती.

त्यांनी रायफल उचलली आणि लिव्हर खाली ओढली. लिव्हर ढिम्म हलली नाही. एका हातानं झालं नाही म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. शेवटी रायफल दोन्ही गुडघ्यांत धरून, उसाचं कांडं मोडावं तसा जोर लावला. वानरांचा म्होरक्या मोहोराचा तुरा चघळत हा सगळा प्रकार शांतपणे बघत होता. तुरा संपल्यावर त्यानं दुसरा तोडला आणि जरा जवळच्या फांदीवर येऊन बसला, नीट दिसावं म्हणून.

ही रायफल साधीसुधी नव्हती. दापोलीला पूर्वी गोऱ्या साहेबांची छावणी होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या साहेबाकडून, तो विलायतेला परत जाताना, हरिहररावांच्या आजोबांनी ती घेतली होती. चापाच्या खाली एक लोखंडी कडी. ती खाली ओढली की जुनं काडतूस बाहेर, नवं घालून वर घेतली की रायफल तयार. हीच ती लिव्हर. आसपासच्या बागायतदारांकडे एकनळी बंदुका होत्या. कडीची रायफल फक्त बिवलकरांकडे. पीकसंरक्षणाचा परवाना आता हरिहररावांच्या नावावर होता आणि त्यांनी आजवर ना डुक्कर मारलं होतं, ना वानर. पलीकडच्या जांभ्याच्या दरडीत एक गोळी घालायची, तिचा आवाज डोंगरात घुमायचा, वानरं पळायची आणि दरड थोडी झिजायची. एवढाच आजवरचा पराक्रम.

आणि खरं सांगायचं तर वानरं हे निमित्त होतं. हरिहररावांनी सगळी नोकरी जमीनमोजणीत काढली होती. दुसऱ्यांच्या हद्दीच्या दगडी गडग्यांवर उभं राहून भावाभावांच्या शिव्या ऐकण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. आता निवृत्त झाल्यावर त्यांना जमीन नुसती बघायची होती, न मोजता. पहाटेचं धुकं बघायचं होतं, मोहोराचा वास घ्यायचा होता आणि काहीही करायचं नव्हतं. पण घरचा कर्ता पुरुष पहाटे उठून माळ्यावर काहीही न करता बसतो, हे कुणाला सांगायची सोय नाही. मांडीवर रायफल असली की तोच माणूस राखणदार होतो. त्या रायफलीवर हरिहररावांच्या साऱ्या पहाटा उभ्या होत्या.

ऊन चढल्यावर ते घरी आले. रायफल अंगणात खाटेवर ठेवली आणि आंघोळ, पूजा आटोपून बायकोला हाक मारली.

"उल्का, जरा बाहेर ये. ही लिव्हर बघ. हलतच नाही."

उल्काताई हाताचं पीठ पुसत आल्या. हरिहररावांनी लिव्हर ओढली. खट्‌-खटाक! सुरेख चालली. पुन्हा ओढली. पुन्हा सुरेख चालली.

"चालत्येय की," उल्काताई म्हणाल्या.

"आता चालत्येय. मघाशी बागेत अडली होती."

"मघाशी तुम्हांला झोप लागली असेल."

"अगं, वानर समोर बसून बघत होतं!"

"तेही स्वप्नातच दिसलं असेल. अहो, थंडी किती पडल्येय. झोपायचंच असेल तर घरी झोपा, अंथरूण काय वाईट आहे?" असं म्हणून त्या भाकरी थापायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे लिव्हर पुन्हा अडली, आणि घरी अंगणात आणल्यावर पुन्हा चालू लागली. हरिहररावांनी विचार केला. अडते म्हणजे कोरडी पडली. कोरडी पडली म्हणजे तेल कमी पडलं. हा विचार मोजणीखात्याच्या माणसाला शोभेल इतका सरळ रेषेत होता.

तेलाची गोष्ट अशी. वडलांच्या काळी रायफल रेशनच्या रॉकेलनं पुसली जाई आणि मग तिला बंदुकीचं तेल लावत. रेशनचं रॉकेल बंद झालं. बंदुकीच्या तेलाचा डबाही यंदा तळाला गेला. नेमकी खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा करायची तर रायफल लखलखीत हवी. घरात आगरातल्या नारळांचं, नुकतंच घाण्यावर काढलेलं खोबरेल होतं, शुद्ध आणि वासाचं. जे देवापुढच्या समईला चालतं ते रायफलीला का चालू नये? हरिहररावांनी ते कोनाकोपऱ्यांत जिरवलं, वर गंध-फूल वाहिलं. त्या दिवशी ऑक्टोबरच्या उकाड्यात रायफल अशी चालली, की पूर्वी कधी चालली नव्हती.

तेव्हा आता त्यांनी आणखी खोबरेल घातलं. पहाटे लिव्हर जास्तच अडली. त्यांनी आणखी घातलं.

इकडे वानरांनी ओळख वाढवली. ती आता पोरंबाळं घेऊन येऊ लागली. कलमाखाली मोहोराचा सडा पडू लागला. म्होरक्या तर लिव्हर ओढायची वेळ झाली, की समोरच्या फांदीवर आपली जागा धरून बसे. उल्काताईंनी सडा पाहिला आणि त्यांचा आवाज बदलला.

"अहो, निम्मी बाग शुभंकरभावोजींची आहे. त्यांना काय सांगायचं? दादा माळ्यावर बसून बघत होता म्हणून?"

तेव्हा हरिहररावांनी रायफल जुन्या सतरंजीत गुंडाळली, परवाना खिशात घातला आणि खेडची एसटी पकडली. खेडला केरू मिस्त्री बंदुका दुरुस्त करत.

कंडक्टरनं सतरंजीवर बोट आपटलं. "काका, ह्यात काय?"

"रायफल. लायसन आहे माझ्याकडे. गोळ्या घरी ठेवल्यात."

"चालते का?"

हरिहरराव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "घरी चालते. बागेत चालत नाही."

"आणि बसमध्ये?"

"ते अजून बघितलेलं नाही."

"मग बघू नका," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं त्यांना पुढं, ड्रायव्हरच्या मागं बसवलं.

घाट उतरता उतरता हवा बदलत गेली. हरिहररावांनी आधी कानटोपी काढली, मग मफलर, मग स्वेटर. खेडच्या स्टँडवर उतरले तेव्हा सदऱ्याची वरची बटणंही उघडी होती. जानेवारीतही जगबुडी नदीकाठच्या त्या खोलगट गावात चांगलं तापलं होतं. पण त्यांचं मन मागं दापोलीच्या धुक्यात होतं, म्हणून घामाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

केरू मिस्त्रींनी रायफल हातात घेतली. म्हाताऱ्या माणसाचे डोळे एकदम लहान पोरासारखे चमकले. त्यांनी लिव्हर ओढली. खट्‌-खटाक!

"हिला काय झालाय म्हनता?"

"अडते."

मिस्त्रींनी ती पुन्हा ओढली, मग तिरकी धरून ओढली, उलटी धरून ओढली. "हिला काय पन झालेला नाय."

"सकाळी अडते हो."

"मग आता काय रात हाय? सकाळच हाय की."

"ही खेडची सकाळ झाली. ती दापोलीच्या सकाळी अडते."

मिस्त्रींनी हरिहररावांकडे जरा काळजीनं पाहिलं. मग रायफल नाकाशी नेली. खोबरेलाचा घमघमाट आला. त्यांनी हरिहररावांच्या खोबरेल लावून चापून बसवलेल्या केसांकडे पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं.

"आत उघडून बघता का?" हरिहररावांनी विचारलं.

"चांगल्या बंदुकीला मी पेचकस लावत नाय. बापासची शिकवन हाय. पहाटचा तुमचा हात आखडत असंल. थंडीत होतो तसा. हिला राहू द्या, हाताला तेल चोळा."

हरिहरराव परत आले. त्यांनी हाताला खोबरेल चोळलं आणि मन मानेना म्हणून उरलेलं रायफलीत ओतलं. दुसऱ्या पहाटे लिव्हर अडलेली आणि हात बुळबुळीत. रायफल निसटून माळ्याखाली पालापाचोळ्यात पडली. म्होरक्या वाकून बघायला लागला. हरिहररावांना त्या क्षणी रडू यायचंच बाकी होतं.

शनिवारी त्यांचा धाकटा भाऊ शुभंकर चार दिवसांची रजा काढून डोंबिवलीहून आला. शुभंकर प्रेमळ होता आणि प्रेमळ माणसापुढं फार जपून राहावं लागतं. त्यानं बाग पाहिली, सडा पाहिला, रायफलीची हकीकत ऐकली आणि पडवीत बसून मोबाईल पुढं केला.

"दादा, हे बघ. मशीन आहे. सोलरवर चालतं. वानर आलं की आपोआप बार काढतं. बागेत ठेवायचं आणि विसरायचं."

"आणि मी?" हरिहररावांनी विचारलं.

"तू मस्त झोपायचंस! एवढ्या थंडीत माळ्यावर बसायचं काही तुझं वय आहे का? मीच घेतो हे मशीन. माझ्याकडून भेट."

"खरंच हो," उल्काताई म्हणाल्या. "रात्रभर खोकतात. मशीन आलं तर सकाळचं दळण तरी आणून देतील."

हरिहररावांच्या डोळ्यांपुढं माळा आला, त्यावर ते मशीन बसलेलं, त्याच्यासमोर धुकं विरतंय, कलमं उगवतायत, आणि मशीनला त्यातलं काहीएक दिसत नाही. आणि आपण कुठं, तर गिरणीच्या रांगेत.

"समजा, रायफल चालली तर?" ते हळूच म्हणाले.

"चालली तर प्रश्नच मिटला. उद्या पहाटे बार ऐकू आला तर मी मशीनचं नाव काढणार नाही. नाही आला तर सकाळी चहा पिता पिता ऑर्डर."

"ये मग माळ्यावर. बघ प्रत्यक्ष."

"छे रे, ह्या थंडीत? मी अंथरुणातून ऐकतो. वहिनी, तू जा साक्षीला."

"मी जात्येच," उल्काताई म्हणाल्या. "ह्या आठवड्यात किती ऐकलं मी त्या लिव्हरचं! एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

रविवारी पहाटे दोघं निघाली. उल्काताईंनी शाल लपेटली होती आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता. शिडी चढताना त्या कुरकुरल्या, माळ्यावरची फळी टोचते म्हणाल्या, अंधारात काही दिसत नाही म्हणाल्या. हरिहररावांनी देवाचं नाव घेतलं आणि लिव्हर ओढली.

लिव्हर ढिम्म.

"बघितलंस?" त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा विजयच जास्त होता. "अडली की नाही?"

"दाखवा बघू." उल्काताईंनी रायफल मांडीवर घेतली आणि लिव्हरच्या फटीतून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी पांढरं, मेणासारखं लागलं. त्यांनी ते विजेरीखाली धरलं. मग वास घेतला. मग नवऱ्याकडं पाहिलं.

"हे काय घातलंत हिच्यात?"

"खोबरेल. आपल्या घाण्याचं."

"अहो, मोरीतली खोबरेलाची बाटली दिवाळीपासून मी रोज उचलून तुळशीपाशी उन्हात ठेवत्येय. ती कशासाठी ठेवत्येय असं वाटलं तुम्हांला?"

हरिहररावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मला वाटलं, ती तिची जागाच आहे."

"थंडीत गोठतं ते! दगड होतो त्याचा! आणि किती घातलंय हे, नुसता लगदा झालाय."

"अडायची म्हणून रोज थोडं घालत होतो."

"आणि रोज जास्त अडत होती."

"हो ना. म्हणून जास्त घालत होतो."

उल्काताईंना हसू आवरेना. वानरं बिचकतील म्हणून शालीचा बोळा तोंडात धरून त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं. हरिहरराव आधी ओशाळले, मग तेही हसू लागले आणि जुना माळा करकरला.

"आता काय करायचं? ऊन यायच्या आत बार निघायला हवा," ते म्हणाले.

"करायचं काय, शेकायचं." उल्काताईंनी थर्मासमधला चहा झाकणात ओतला, नवऱ्याला दिला, आणि उघड्या थर्मासचं वाफाळतं तोंड लिव्हरला लावून ठेवलं. वरून घोंगडी गुंडाळली. बाळंतिणीनं शेक घ्यावा तशी रायफल दोघांच्या मधे ऊब घेत पडली. "आता थांबा गप्प. वितळायला वेळ लागेल."

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. दोघं बसून राहिली.

धुकं दरीतून वर येत होतं. आधी जवळचं कलम दिसलं, मग त्यामागचं, मग गडगा, गडग्यावरचं ओलं शेवाळ. मोहोराचा गोडसर, थोडा कडवट वास इतका दाट झाला, की तो हातानं बाजूला करावा लागेल असं वाटलं. लांबून, हर्णैच्या बाजूनं, समुद्राची गाज येत होती की नुसता भास होता, ते कळत नव्हतं. कुठल्याशा पक्ष्यानं शीळ घातली आणि मधेच विचार बदलून गप्प झाला.

"रोज असंच असतं हे?" उल्काताईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"रोज वेगळं असतं."

"आणि इतकी वर्षं तुम्ही मला वानरं सांगितलीत."

थोड्या वेळानं हरिहररावांच्या खांद्यावर ओझं आलं. त्यांनी वळून पाहिलं तर उल्काताईंना झोप लागली होती.

ते बघत राहिले. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून उल्का पहाटे झोपलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते उठायचे तेव्हा चूल पेटलेली असायची, पाणी तापलेलं असायचं. आधी सासूसासऱ्यांचा चहा, मग मुलांचे डबे, आणि आता कुणी नसलं तरी सवय. झोपेत तिचं तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि कपाळावरची आठी, जी ते जन्मतःच असेल असं समजत होते, ती नव्हती. त्यांना वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

मोकळ्या हातानं त्यांनी घोंगडीत चाचपून पाहिलं. लिव्हर कोमट झाली होती. त्यांनी ती अलगद ओढली. कसलाही आवाज न करता ती उघडली आणि काडतूस घातल्यावर तशीच मिटली. रायफल तयार होती. खाली घरात शुभंकर अंथरुणात कान टवकारून पडला असणार, आणि समोरचा मोहोर हलायला लागला होता.

वानरं आली. म्होरक्या आपल्या जागेवर बसला.

नुसता चाप ओढायचा होता. दरडीत एक गोळी, डोंगरात एक आवाज, मशीन रद्द, आणि ह्या पहाटा आयुष्यभर आपल्या. नाही ओढला तर उद्यापासून गिरणी. हरिहररावांनी रायफल उचलली, दरडीकडे रोखली. खांद्यावर उल्काताई झोपेत काहीतरी पुटपुटल्या आणि आणखी रेलल्या.

हरिहररावांनी रायफल खाली घेतली. काडतूस काढून खिशात टाकलं. मग म्होरक्याकडे बघून, ओठही फारसे न हलवता, ते म्हणाले, "हळू खा, मेल्या. आवाज करू नकोस."

ऊन माळ्यावर आलं तेव्हा उल्काताई दचकून जाग्या झाल्या. समोर पाहतात तो फांदीफांदीवर वानरं.

"अगो बाई! अहो, वानरं!"

त्या किंकाळीसरशी सगळी टोळी गडग्यावरून पलीकडे पसार झाली. रायफलीलाही इतकी कधी घाबरली नव्हती.

"लिव्हर सुटली नाही का?" उल्काताईंनी विचारलं.

हरिहररावांनी ती चालवून दाखवली.

"मग बार का नाही काढलात?"

"तू झोपली होतीस," ते म्हणाले आणि दरडीकडे बघू लागले.

उल्काताईंनी केस सारखे केले, थर्मास उचलला आणि हरिहररावांच्या आधी शिडी उतरल्या.

पडवीत शुभंकर चहाचा कप आणि मोबाईल घेऊन तयारच बसला होता. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. "जाऊ दे रे दादा. जुनंच हत्यार ते. बार काही आला नाही. करतो ऑर्डर."

हरिहरराव मान डोलावणार, तोच उल्काताई पायरीवर थबकल्या.

"बार आला नाही? काय सांगताय काय भावोजी! माझ्या कानांत अजून घुमतोय."

"वहिनी, मी पहाटेपासून जागा आहे. मला काहीसुद्धा..."

"जागे होतात? घोरणं गोठ्यापर्यंत ऐकू येत होतं. नाहीतर त्या डोंबिवलीच्या गोंगाटानं कान तरी गेलेत तुमचे. दाखवा कुणाला तरी, हलगर्जीपणा करू नका. वानरं कशी पळाली, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं."

शुभंकरनं कानात बोट घालून हलवलं. आपण घोरतो हे त्याला बायकोनंही सांगितलं होतं, त्यामुळे तो डळमळला. "दादा, खरंच वाजली?"

हरिहररावांनी उत्तरादाखल लिव्हर ओढली. "ती आता चालते," एवढंच ते म्हणाले आणि ते खोटं नव्हतं.

शुभंकरनं मोबाईल बंद करून खिशात ठेवला.

उल्काताई स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. दारातून त्या वळल्या.

"आणि भावोजी, उद्यापासून तुम्ही इथं आहात तोवर सकाळचा चहा आणि पोहे तुमच्याकडे. आम्हां दोघांना राखणीला जायचंय."